मानसशास्त्रातला पहिला संशोधन प्रकल्प: प्रश्न ठरवण्यापासून निष्कर्ष परत नेऊन देण्यापर्यंत

एम.ए.ला मानसशास्त्र घेतलेली बरीच मुलं प्रकल्पाची सुरुवात प्रश्नावलीपासून करतात. एखाद्या सीनियरकडून तयार प्रश्नावली मिळते, तिचा गूगल फॉर्म होतो, ‘प्लीज भरा, पाचच मिनिटं लागतील’ म्हणून तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरतो आणि दीडशे उत्तरं जमली की गाईडसमोर येऊन विचारतात, मॅडम, आता यातून काय काढता येईल? संमतिपत्राचं तसंच. ते कुणाच्या तरी जुन्या प्रबंधातून उचललेलं असतं आणि बाइंडिंगच्या आदल्या दिवशी परिशिष्टात जाऊन बसतं.

या दोन्ही चुका एकाच ठिकाणी सुरू होतात. ज्या माणसाकडून उत्तरं घ्यायची आहेत, त्याचा विचार झालेला नसतो. संशोधनपद्धती आणि संशोधनातली नीतिमत्ता हे अभ्यासक्रमात दोन वेगळे घटक असले, तरी काम करताना ते वेगळे काढता येत नाहीत. ढिसाळ आखणीच्या अभ्यासासाठी शंभर जणांची पंधरा-पंधरा मिनिटं घेणं हा त्या शंभर जणांवर अन्याय आहे. उलट, आपण मोकळेपणी ‘नको’ म्हणू शकतो अशी खात्री ज्याला असते, तोच खरी उत्तरं देतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये या दोन गोष्टी हातात हात घालूनच येतील.

उदाहरण मी एकच धरते. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या भागातल्या अभ्यासिकांमध्ये राज्यभरातून आलेली मुलं-मुली एमपीएससीची तयारी करतात. त्यांच्या मनःस्थितीवर प्रकल्प करावा असं दरवर्षी कुणाला ना कुणाला वाटतं, आणि ते योग्यच आहे. असा प्रकल्प तुम्ही हाती घेतला आहे असं समजू.

पहिली पायरी: विषयातून प्रश्न काढा

‘स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांमधील मानसिक ताणाचा अभ्यास’ हे प्रबंधाचं शीर्षक झालं. त्यात प्रश्न कुठेच नाही. कोणते विद्यार्थी? ताण म्हणजे नक्की काय? तो कशाच्या संदर्भात पाहायचा? यांची उत्तरं कागदावर उतरली की मगच प्रश्न दिसायला लागतो. उदाहरणार्थ: राज्यसेवा पूर्वपरीक्षेला किमान एकदा बसलेल्या आणि घरापासून दूर राहणाऱ्या मुला-मुलींमध्ये, घरच्यांचा आधार जितका जास्त जाणवतो तितकी नैराश्याची लक्षणं कमी दिसतात का?

आता या प्रश्नाला एक कसोटी लावा. कोणतं उत्तर आलं तर माझा अंदाज चुकला असं मी मान्य करेन? घरच्यांचा आधार भरपूर जाणवणाऱ्यांमध्येही लक्षणं तेवढीच किंवा जास्त दिसली, तर आपला अभ्युपगम, म्हणजे आधी मांडलेला अंदाज, टिकला नाही, हे इथे स्पष्ट सांगता येतं. काहीही उत्तर आलं तरी ‘बघा, मी म्हटलंच होतं’ असं म्हणायची सोय असेल, तर तो प्रश्न अजून कच्चा आहे.

त्याच सुमाराला वाचन सुरू करा. भारतातल्या विद्यापीठांमधले पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत वाचायला मिळतात. आपल्या विषयावर आधी कुणी काय केलं आहे, हे तिथे पाहिल्याशिवाय सिनॉप्सिस लिहू नका. वाचताना निष्कर्षांच्या आधी तीन गोष्टी टिपा: लोक कोण होते, मोजलं कशाने, आणि लोक निवडले कसे. जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिलं की मानसशास्त्रातले पुष्कळ निष्कर्ष पाश्चात्त्य, सुशिक्षित, सधन समाजांतल्या लोकांवरून, त्यातही बरेचदा कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरून काढलेले आहेत आणि ते साऱ्या मानवजातीला लागू धरले जातात. अमेरिकेतल्या विद्यापीठात घरच्यांच्या आधाराबद्दल जे सापडलं, ते लातूरहून येऊन तीन जणांसोबत कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला लागू पडेलच असं नाही. आपल्या प्रकल्पाला जागा असते ती इथेच.

दुसरी पायरी: प्रश्नाला शोभेल ती पद्धत

पद्धत आवडीने निवडायची नसते, ती प्रश्नावरून ठरते. दोन गोष्टी एकमेकींबरोबर कमी-जास्त होतात का, हे पाहायचं तर सहसंबंधाचा अभ्यास. एकीमुळे दुसरी घडते का, हे पाहायचं तर प्रयोग. लोक आपल्या अनुभवाचा अर्थ कसा लावतात, हे समजून घ्यायचं तर मुलाखती. लोक जे सांगतात त्यापेक्षा वेगळं वागतात अशी शंका असेल, तर निरीक्षण.

आपला प्रश्न सहसंबंधाचा आहे, आणि नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. समजा, आधार जास्त तिथे लक्षणं कमी, असं आकडे म्हणाले. याचा अर्थ आधारामुळे नैराश्य कमी होतं असाच होईल असं नाही. उदास माणूस घरी फोन करायचा टाळतो, त्यामुळे त्याला आधार जाणवेनासा होतो, असंही असू शकेल. किंवा दोन्हींच्या मागे तिसरंच काही असेल: घरची आर्थिक ओढाताण, चौथ्यांदा हुकलेली मुख्य परीक्षा, लग्नाचा तगादा. त्यामुळे अहवालात ‘परिणाम होतो’, ‘मुळे घटते’ ही क्रियापदं वापरायची नाहीत. ‘संबंध आढळतो’ एवढंच म्हणायचं. तुमचा प्रकल्प वाचून एखादा संस्थाचालक पालकांना ‘मुलांना रोज फोन करा’ असं पत्रक काढू शकतो, तेव्हा हा फरक व्हायवापुरता राहत नाही.

कारण शोधायचं तर प्रयोग हवा. प्रयोगाचा प्राण यादृच्छिक वाटणीत असतो: कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकून ठरतं, ना संशोधकाच्या मर्जीने, ना सहभागीच्या. त्यामुळे दोन गट सुरुवातीला सगळ्याच बाबतींत साधारण सारखे होतात आणि पुढचा फरक आपण केलेल्या बदलावर ढकलता येतो. पण घरच्यांचा आधार चिठ्ठी टाकून काढून घेता येत नाही, आणि घेऊही नये.

जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांचा १९२० सालचा ‘छोट्या अल्बर्ट’वरचा प्रयोग प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. सुमारे अकरा महिन्यांच्या बाळाने पांढऱ्या उंदराला हात लावला की मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज करायचा. काही वेळा असं झाल्यावर बाळ नुसत्या उंदरालाही घाबरून रडायला लागलं. ती भीती घालवण्याचा प्रयत्न करण्याआधीच बाळ रुग्णालयातून निघून गेलं. वर्गात याची चर्चा क्रौर्य म्हणून होते. पण आखणीही पाहा: एकच मूल, तुलनेला दुसरं कुणी नाही, आणि बाळ घाबरलं की नाही हे ठरवणारे स्वतः प्रयोगकर्तेच. एका तान्ह्या मुलाला एवढं रडवून हाती आलेला पुरावा इतका तकलादू होता.

तिसरी पायरी: कुणाला विचारायचं, किती जणांना

विद्यार्थी प्रकल्पात नमुना बहुतेक सोयीचाच असतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मात्र त्याला ‘यादृच्छिक नमुना’ म्हणू नका. यादृच्छिक निवडीसाठी सगळ्यांची यादी लागते आणि यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठाऊक असलेली संधी लागते. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या लिंकला यातलं काहीच नसतं.

मी तर म्हणेन, नमुन्यात कोण आलं यापेक्षा कोण आलंच नाही, यावर एक संध्याकाळ विचार करा. अभ्यासिकेत बसलेली मुलं म्हणजे अजून टिकून असलेली मुलं. जी मागच्या वर्षी सामान बांधून गावी परतली, ती तुमच्या हाती लागणार नाहीत. ज्यांना घरून पैसे येत नाहीत म्हणून जी दिवसा नोकरी करून रात्री खोलीवर वाचतात, तीही नाहीत. फार उदास असलेला माणूस अनोळखी फॉर्म भरायच्या भानगडीत पडत नाही. म्हणजे तुमच्या आकड्यांत नैराश्य प्रत्यक्षापेक्षा कमी दिसण्याची शक्यता आहे. हे अहवालात स्पष्ट लिहा. मर्यादांचा परिच्छेद याचसाठी असतो, ‘वेळेअभावी नमुना लहान होता’ एवढं एक वाक्य टाकण्यासाठी नव्हे.

संख्या आधी ठरवा. जी-पॉवर नावाचं मोफत सॉफ्टवेअर यासाठी वापरतात. मध्यम ताकदीचा, म्हणजे ०.३० च्या आसपासचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) खरोखर असेल, तर तो पकडण्याची ८० टक्के संधी मिळायला सुमारे ८५ जण लागतात. दोन गटांच्या सरासरींमधला मध्यम फरक पकडायचा तर प्रत्येक गटात ६४. तीस-पस्तीस जणांवर काम उरकलं, तर संबंध असूनही तो हाती न लागण्याची शक्यता मोठी, आणि त्या तीस-पस्तीस जणांचा वेळ गेला तो गेलाच. अर्धवट भरलेले फॉर्म येणार हे धरून थोडे जास्त लोक ठरवा, म्हणजे आपल्या अभ्यासासाठी शंभर. तिथे पोहोचलात की थांबा.

चौथी पायरी: मोजायचं साधन

प्रश्नावली हाती घेतली की आधी पाहा: ती वापरायचा हक्क आपल्याला आहे का? भारतात वापरल्या जाणाऱ्या अनेक मानसशास्त्रीय चाचण्या प्रकाशक विकतात. त्या विकत घ्याव्या लागतात किंवा लेखकाची लेखी परवानगी काढावी लागते. सीनियरने दिलेली झेरॉक्स म्हणजे परवानगी नव्हे. परवानगी मागणारं साधं, नम्र ई-मेल पाठवलं तर बरेच लेखक हो म्हणतात. ते उत्तर जपून ठेवा.

मग विश्वसनीयता आणि सप्रमाणता. पहिलीत साधन दरवेळी सारखं मोजतं का हे पाहायचं, दुसरीत जे मोजतो म्हणतं तेच मोजतं का हे. क्रॉनबाखचा अल्फा हा विश्वसनीयतेचा आकडा ०.७० च्या वर आला की मुलं निश्चिंत होतात, पण त्याने फक्त प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढंच कळतं. चुकीची गोष्टही अगदी सातत्याने मोजता येते.

मराठी आवृत्ती नसेल तर स्वतः एका बैठकीत भाषांतर करून मोकळे होऊ नका. एकाने मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, दोन्ही ताडून पाहायचं. त्यानंतर एक काम बहुतेक जण गाळतात, ते कराच: पाच-सहा उमेदवारांसमोर बसून त्यांना प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा आणि ‘याचा अर्थ तुम्ही काय घेतलात?’ असं विचारा. तज्ज्ञांच्या नजरेतून सुटलेल्या अडचणी इथे हमखास सापडतात.

आता या पायरीतली सर्वांत नाजूक गोष्ट. नैराश्याची लक्षणं मोजायला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली जगभर वापरतात. ती मोफत आहे, मराठीतही मिळते. मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ० ते २७. यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तुम्ही नाव-नंबर न घेता गूगल फॉर्म फिरवला आणि रात्री अकरा वाजता कुणीतरी त्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ असं उत्तर दिलं. तुम्ही ते आठवड्याने एक्सेलमध्ये पाहणार. तो माणूस कोण, कुठे, तुम्हाला ठाऊक नाही. एखाद्याला इतका खोल प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकायला कुणी नसायचं, हे मला मान्य नाही.

यातून दोन सरळ वाटा आहेत. तो प्रश्न तुमच्या संशोधनप्रश्नासाठी गरजेचा नसेल, तर आठ प्रश्नांची पीएचक्यू-८ वापरा. ती याच कारणासाठी संशोधनात चालते, आणि आपल्या उदाहरणात तेवढी पुरते. नववा प्रश्न हवाच असेल, तर फॉर्म समोर बसून भरून घ्या, त्याच दिवशी तपासा, आणि कुणी तसं उत्तर दिलं तर काय करायचं हे आधी लिहून ठेवा: त्या व्यक्तीशी एकांतात कोण बोलणार, कोणत्या समुपदेशकांनी वा मानसोपचारतज्ज्ञांनी त्या दिवसांत उपलब्ध राहायचं कबूल केलं आहे, गाईडना किती वेळात कळवायचं. तुम्ही अजून विद्यार्थी आहात, समुपदेशन करायला जाऊ नका. दोन्ही वाटांवर फॉर्मच्या शेवटच्या पानावर सगळ्यांसाठी मदतीचा नंबर हवा. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. नंबर छापण्याआधी स्वतः एकदा फोन लावून पाहा.

आणि गुण म्हणजे निदान नव्हे. दहा किंवा जास्त गुण आले म्हणजे तज्ज्ञाला भेटणं बरं, एवढाच त्याचा अर्थ. ‘तुला डिप्रेशन आहे’ असं सहभागीला सांगायचा अधिकार या प्रकल्पाने तुम्हाला मिळत नाही.

पाचवी पायरी: समितीची मान्यता

माहिती गोळा करायला सुरुवात करण्याआधी एथिक्स कमिटीची, म्हणजे संस्थेच्या नीतिमत्ता समितीची, लेखी मान्यता हवी. काम झाल्यावर मागच्या तारखेने ती मिळत नाही. भारतात यासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं पाहतात. आरोग्याशी संबंधित सामाजिक आणि वर्तनशास्त्रीय संशोधनही त्यांच्या कक्षेत येतं. समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असावेत, कायदा जाणणारी व्यक्ती असावी आणि संशोधनाशी संबंध नसलेला एखादा सामान्य नागरिकही असावा, असं ती सांगतात. तुमच्या कॉलेजात समिती नसेल तर गाईडमार्फत दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जाता येतं. त्याला वेळ लागतो, म्हणून चौकशी पहिल्याच महिन्यात करा.

बाहेरच्या माणसाची नजर का लागते, हे फिलिप झिंबार्डो यांच्या १९७१ च्या स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगावरून कळतं. विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून दोन आठवडे चालवायचा प्रयोग सहा दिवसांत बंद करावा लागला. झिंबार्डो स्वतःच तुरुंगप्रमुखाच्या भूमिकेत होते, त्यामुळे समोर चाललेला छळ त्यांना प्रयोगाचा भाग वाटत राहिला. क्रिस्टिना मास्लाक या तरुण मानसशास्त्रज्ञाने तिथे येऊन स्पष्ट आक्षेप घेतला, तेव्हा तो थांबला.

या नियमांचा इतिहास रक्ताळलेला आहे. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आली. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ पासून तब्बल १९७२ पर्यंत सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता नुसतं ‘निरीक्षण’ चाललं होतं, पेनिसिलिन मिळू लागल्यावरही. ते उघडकीस आल्यानंतर १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल आला आणि त्याने तीन तत्त्वं मांडली: व्यक्तीचा आदर, तिचं हित आणि न्याय. समितीचा फॉर्म भरताना किचकट वाटणारा प्रत्येक रकाना या तिघांपैकी कशासाठी तरी आहे.

अभ्यासिकेच्या मालकांची परवानगी लागेल, ती घ्या. पण मालकांनी हो म्हटलं म्हणजे मुलांनी हो म्हटलं असं होत नाही. मालक उभे राहून ‘सगळ्यांनी फॉर्म भरा रे’ म्हणाले, तर त्यानंतरची संमती संमती राहत नाही. हेच वर्गात शिक्षकांबाबत: सहभागाला इंटर्नलचे गुण जोडू नयेत. सहभागी १८ वर्षांखालचे असतील, तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार असं दोन्ही हवं. पालक तयार असून मूल नको म्हणालं, तर मुलाचं ऐकायचं.

सहावी पायरी: संमतिपत्र, बोलत्या मराठीत

‘सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी कोणतीही हरकत नसून मी स्वेच्छेने माहिती देत आहे. सदर माहिती गोपनीय ठेवण्यात येईल.’ हे वाचून कुणाला काय कळलं? सही होते, पण काही समजून घेऊन दिलेली नसते. आपल्या प्रकल्पाचं संमतिपत्र साधारण असं असावं:

‘नमस्कार. मी एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेची तयारी करताना घरच्यांचा जाणवणारा आधार आणि आपली मनःस्थिती यांचा काही संबंध असतो का, हे मला प्रकल्पासाठी पाहायचं आहे. त्यासाठी २८ प्रश्न आहेत, बारा ते पंधरा मिनिटं लागतात. काही प्रश्न उदासी, झोप आणि थकवा यांबद्दल आहेत, ते वाचून अस्वस्थ वाटू शकतं. नको वाटेल तो प्रश्न सोडून द्या. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, कारण विचारणार नाही. तुम्ही भाग घेतला की नाही, हे अभ्यासिकेत कुणालाही सांगणार नाही. नाव, फोन नंबर, ई-मेल मी घेत नाही. त्यामुळे फॉर्म एकदा पाठवल्यावर तुमची उत्तरं शोधून पुसता येणार नाहीत, हे आधीच सांगते. भाग घेतल्याने तुम्हाला थेट फायदा नाही, पैसेही मिळणार नाहीत. या प्रश्नांवरून आजाराचं निदान होत नाही. कुणाशी बोलावंसं वाटलं तर शेवटच्या पानावर नंबर दिला आहे. शंका असेल तर मला किंवा माझ्या मार्गदर्शकांना विचारा. माझ्याविषयी तक्रार असेल तर ती समितीकडे करा. सगळ्यांचे संपर्क खाली आहेत.’

यात ‘पाचच मिनिटं’ म्हटलेलं नाही, कारण लागतात पंधरा. वेळ स्वतः आणि दोन मैत्रिणींकडून भरून मोजा, मग लिहा. प्रश्न सोडून देण्याची मुभा दिली आहे, तेव्हा गूगल फॉर्ममध्ये प्रत्येक प्रश्नाला लाल चांदणी लावून तो सक्तीचा करायचा नाही. कागदावर दिलेली मुभा सेटिंगमध्ये काढून घेतली, असं बरेचदा नकळत होतं.

मध्येच थांबण्याच्या हक्काचं मोल स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या येल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसतं. १९६१ मध्ये सुरू झालेल्या त्या प्रयोगात लोकांना वाटत होतं की आपण दुसऱ्या माणसाला विजेचे झटके देतो आहोत. झटके खोटे होते. पहिल्या ४० पुरुषांपैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. अनेक जण घामाघूम झाले, थरथरत होते, थांबू का म्हणून विचारत होते, आणि प्रयोगकर्ता ठरलेल्या वाक्यांनी त्यांना पुढे जायला सांगत होता. करड्या कोटातल्या अनोळखी माणसाला ‘नाही’ म्हणणं किती कठीण जातं, हे त्या प्रयोगानेच शिकवलं. तुमच्या हातात कॉलेजचं ओळखपत्र आणि फाइल असते, समोरच्याला तेवढंही पुरेसं असतं. म्हणून थांबायची मुभा तोंडीही सांगा, आणि कुणी चुळबुळ करायला लागलं तर स्वतःहून विचारा.

फसवणुकीची गरज असलेले प्रयोग पहिल्या प्रकल्पात टाळा. पुढे कधी करायची वेळ आली, तर समितीला आधी पटवून द्या आणि काम संपल्याबरोबर सहभागीला खरं काय ते सांगून, ‘आता तुमची माहिती वापरू का?’ असं पुन्हा विचारा.

सातवी पायरी: प्रत्यक्ष माहिती गोळा करताना

अभ्यासिकेत बाकाला बाक लागलेला असतो. शेजाऱ्याला उत्तरं दिसत असतील तर कुणी खरं लिहीत नाही, आणि लिहिलंच तर त्याचा त्रास त्यालाच होतो. लिंक देऊन खोलीवर गेल्यावर भरायला सांगा, किंवा बाहेर एकट्याने बसण्यासारखी जागा शोधा. पूर्वपरीक्षेच्या तोंडावर किंवा निकालाच्या आठवड्यात जाऊ नका. त्या दिवसांतल्या उत्तरांत परीक्षाच बोलते, आणि त्यांचा वेळ घेणंही बरोबर नाही.

फॉर्ममध्ये ई-मेल नोंदवण्याचा पर्याय बंद आहे ना, ते तपासा. तरीही नाव नसलं म्हणजे माणूस ओळखू येत नाही असं समजू नका. वय ३१, मुलगी, अमुक तालुका, तमुक जात, पाचवा प्रयत्न: एवढ्यावरून अभ्यासिकेतल्या कुणालाही ती कोण हे कळेल. जी माहिती विश्लेषणात वापरणार नाही ती विचारूच नका. जातीचा रकाना ‘असू द्या, पुढे लागला तर’ म्हणून टाकायचा नसतो.

मुलाखती घेणार असाल, तर रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी घ्या. ध्वनिफितीला नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्या, नाव आणि क्रमांकाची यादी दुसऱ्या ठिकाणी कुलुपात ठेवा, उतरवून झाल्यावर फीत पुसा. आणि गोपनीयतेला मर्यादा आहे, हे मुलाखतीआधी सांगा: कुणाच्या जिवाला धोका दिसला तर तुम्ही गप्प बसू शकणार नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळवावीच लागते. ‘काहीही सांग, कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देऊ नका.

आठवी पायरी: विश्लेषण

आकडेवारीसाठी नेहमी वापरलं जाणारं एसपीएसएस हे सॉफ्टवेअर महाग आहे. जामोवी आणि जॅस्प ही मोफत सॉफ्टवेअर एम.ए.च्या कामाला पुरतात. कोणती चाचणी लावायची, अर्धवट फॉर्मांचं काय करायचं, कुणाची उत्तरं वगळायची, हे माहिती हाती येण्याआधी लिहून गाईडना तारखेसह ई-मेल करा. नंतर आकडे पाहून ठरवायला गेलं की मन आपल्याला हवं तिकडेच जातं. असंबद्ध गोष्टींचे वीस सहसंबंध काढले तर त्यांतला सरासरी एक निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरतो, म्हणजे त्याचं पी-मूल्य ०.०५ च्या खाली येतं. तोच निवडून शीर्षकात घातला, तर ती वाचकाची फसवणूक झाली. २०१५ मध्ये मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांची पुनरावृत्ती करून पाहिली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के ‘लक्षणीय’ निष्कर्ष सांगत होते, पुनरावृत्तीत ३६ टक्केच टिकले. त्यामागे अनेक कारणं होती, पण हवे तेवढेच निकाल छापायची सवय हे त्यातलं एक मोठं कारण.

‘दहाच फॉर्म कमी पडतायत, मी भरून देतो’ म्हणणारा मित्र प्रत्येकाला भेटतो. नको म्हणा. नेदरलँड्समधले नावाजलेले सामाजिक मानसशास्त्रज्ञ डिडेरिक स्टापेल यांनी वर्षानुवर्षं आकडे घरी बसून बनवले, २०११ मध्ये ते उघड झालं आणि त्यांचे पन्नासहून अधिक शोधनिबंध मागे घ्यावे लागले. त्यांच्या हाताखाली, त्यांनीच दिलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवून पीएच.डी. केलेल्यांचं काम त्यात मातीमोल झालं. नव्वदच फॉर्म आले तर नव्वद लिहा. संबंध आढळला नाही तर तसं लिहा. नीट आखलेल्या अभ्यासात संबंध न सापडणं हीदेखील माहितीच असते, आणि ती पुढच्याच्या उपयोगी पडते.

नववी पायरी: लिहिणं आणि परत देणं

अहवालात दुसऱ्याचं वाक्य अवतरणात आणि नावासह द्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, म्हणून तेवढी नक्कल चालते असा अर्थ काढू नका. ‘एमपीएससीचे विद्यार्थी नैराश्यग्रस्त’ असं शीर्षक देऊ नका. तुमच्या नमुन्यातल्या काही जणांनी काही लक्षणं नोंदवली, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. या मुलांना गावाकडे लोक आधीच बरंच ऐकवतात, त्यात आपली भर नको.

प्रबंध जमा झाल्यावर महिन्याभरात त्याच अभ्यासिकांमध्ये परत जा. दोन पानी मराठी गोषवारा तयार करा आणि चालकांना विचारून सूचनाफलकावर लावा. जिथून फॉर्म फिरवला त्या ग्रुपवरही टाका. काय विचारलं, किती जणांनी उत्तरं दिली, काय दिसलं आणि यावरून काय म्हणता येत नाही, हे त्यात असू द्या. सर्वांत खाली १४४१६ पुन्हा छापा, आणि मूळ उत्तरं कोणत्या तारखेला नष्ट करणार आहात तेही लिहा. समितीला कळवलेली तारीख तीच असली पाहिजे.